बिनबोटवाली

कोर्टात माणूस जे बोलतो ते संध्याकाळपर्यंत गावभर होतं. माझा नवरा गार्लंड, म्हणजे त्या दिवशी दुपारपर्यंत नवरा असलेला, न्यायाधीशांसमोर हात मागे बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, अठरा वर्षांत ह्या बाईने त्या बोटीत बसून सँडविच खाण्यापलीकडे काहीही केलेलं नाही." मागच्या बाकांवर त्याचे मासेमारीतले दोस्त बसले होते, ते खिदळले. न्यायाधीशांनीही ओठ दाबले. बोट गार्लंडला गेली. मला सोफा मिळाला, जुना पिकअप ट्रक मिळाला आणि एक नाव मिळालं. तेव्हापासून पेट्रोल पंपावर, गळ-आमिषाच्या दुकानात, अगदी चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा कुणी ना कुणी विचारतं, "काय सँडविच, कशी आहेस?"

माझं खरं नाव ट्विला. शाळेची बस चालवते. अलाबामातल्या ह्या कोपऱ्यात शाळेची बस चालवणाऱ्या बाईला सगळी पोरं घाबरतात, पण त्यांचे बाप घाबरत नाहीत, हीच अडचण आहे.

ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं होतं. भांडी घासताना ऐकू यायचं, बस मागे घेताना ऐकू यायचं. ते काढायचं तर एकच जागा होती. पाइनी फोर्क तलावाचा काठ, आमच्या मासेमारी क्लबच्या स्पर्धेचा मंच आणि त्यावरचा तो वजनकाटा. तेच लोक समोर हवे होते. त्यांच्यासमोर मासा काट्यावर ठेवायचा आणि त्या वाक्याचा एकेक शब्द त्यांना परत गिळायला लावायचा. म्हणून मी स्पर्धेत नाव घातलं.

बोट नसलेल्यांनाही आमच्या क्लबात उतरता येतं. त्यांना नॉन-बोटर म्हणतात. मी स्वतःला बिनबोटवाली म्हणते, कारण त्यात निदान शिवी तरी उघड ऐकू येते. सोडतीत ज्या बोटवाल्याशी आपलं नाव निघेल त्याच्या बोटीत मागे उभं राहायचं, तो नेईल तिकडे जायचं आणि त्याने पुढून झोडपून सोडलेल्या पाण्यात आपला गळ टाकायचा. त्याचे बास जातीचे पाच मासे वजनाला धरतात, आपले तीन. तेही वीतभर असून चालत नाही. ठरलेल्या लांबीचे हवेत.

सोडत शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये होती. क्लबचा कारभार मिस्टर हॉयट बघतात. म्हातारे आहेत, आवाज अजून खणखणीत आहे, आणि चिठ्ठ्या आमिषाच्या बादलीतून काढतात.

"गार्लंड," त्यांनी एक चिठ्ठी वाचली. मग दुसऱ्या बादलीतून दुसरी काढली, चष्मा वर केला, खाली केला. "आणि... अरे देवा. ट्विला."

हॉलमध्ये असा काही हशा उसळला की चर्चच्या बायका स्वयंपाकघरातून बघायला आल्या. गार्लंड ताडकन उठला.

"मिस्टर हॉयट, नियम आहे! नवरा-बायको एका बोटीत नाही!"

"तू तिचा नवरा आहेस का?"

"नाही!"

"मग बस खाली."

"मला दुसरं कुणीही द्या. माझ्या सासूला द्या!"

"तुझी सासू माझी आई आहे," मी म्हटलं, "आणि तुझ्या बोटीत ती बंदूक घेतल्याशिवाय चढायची नाही."

"सोडत म्हणजे सोडत," मिस्टर हॉयट म्हणाले आणि पुढची चिठ्ठी काढली.

नंतर कॉफीच्या टेबलापाशी गार्लंड माझ्याजवळ आला. साखर ढवळत, माझ्याकडे न बघता बोलायला लागला. त्याची ही जुनी खोड.

"गळाच्या चार काठ्या आणि एक पिशवी, बस्स. माझ्या बोटीतल्या कशालाही हात लावायचा नाही. बोटीबद्दल एक शब्द बोलायचा नाही. तू उद्या सामान आहेस, ट्विला. मागे ठेवलेलं सामान."

"सामान मासे पकडतं का?"

"माझ्या बोटीत नाही पकडत."

सकाळी तलावावर धुकं होतं. मार्च महिना, तोंडातून वाफ निघत होती. ट्रेलरवर बोटी लादलेल्या गाड्यांची रांग पाण्याच्या उतारापर्यंत लागली होती. गार्लंडच्या गाडीच्या स्टिअरिंगवर केली-ऍन होती. ही त्याची नवी. चांगली तिशीतली बाई आहे, नखं रंगवलेली, केस उन्हाळ्यातल्या मक्यासारखे पिवळे.

"गुड मॉर्निंग, मॅम," ती मला म्हणाली.

तिच्या त्या 'मॅम'ने मला जेवढं म्हातारं केलं तेवढं अठरा वर्षांच्या संसाराने केलं नव्हतं. मी मान हलवली आणि काठ्या घेऊन बोटीच्या मागच्या बाजूला गेले. तिथे मला ते दिसलं, म्हणजे खरं तर दिसलं नाही.

बोटीच्या पाठीला, इंजिनाच्या खाली, अंगठा जाईल एवढं एक भोक असतं. बोट जमिनीवर असताना आतलं पाणी निघून जावं म्हणून ते उघडं ठेवतात, आणि पाण्यात उतरवण्याआधी त्यात पितळेचं बूच पिळून बसवतात. हे काम रांगेत उभं असतानाच उरकायचं असतं. अठरा वर्षं ते मी केलं. गार्लंड पुढे दोस्तांशी गप्पा छाटायचा आणि मी चिखलात गुडघा टेकून बूच बसवायचे. मग गाडीत चढून ट्रेलर मागे घ्यायचे, बोट पाण्यात सोडायचे आणि सँडविचचा डबा त्याच्या हातात द्यायचे. एकदाही म्हणाला नाही, चल, आज तूही ये. काठावरच्या बाकावर बसून मी वाट बघायचे. बोटीत बसून सँडविच म्हणे! मला त्या बोटीत बसवलं होतं कधी ह्या माणसाने?

भोक उघडं होतं. केली-ऍनला ते माहीत असायचं कारण नव्हतं. आणि गार्लंडला तर, मला वाटतं, बूच आपोआप बसतं असंच वाटत आलं होतं.

"गार्लंड," मी हाक मारली, "मागचं ते..."

"काल काय सांगितलं होतं?"

"अरे ऐक तर, ते भोक..."

"एक शब्द नाही! बोटीबद्दल एकही नाही. केली-ऍन, घे मागे!"

मी तोंड मिटलं. दोनदा उघडलं होतं, दोनदा त्याने बंद केलं. तिसऱ्यांदा उघडायला मी काही त्याची बायको राहिले नव्हते.

आणि बुडून मरायची भीती नव्हती. अशा बोटींच्या पोटात फोम भरलेला असतो, त्या पार तळाला जात नाहीत. बोट जोरात धावत असली की पाणी त्याच भोकातून मागे निघून जातं. थांबली की आत शिरतं, आणि तळातला पंप ते बाहेर फेकत राहतो. तो पंप चांगला होता. मीच बसवून घेतला होता.

केली-ऍनने तिसऱ्या खेपेला ट्रेलर सरळ घातला. रांगेतले लोक माझ्याकडे बघून हसत होते, मी तिच्याकडे बघून हसले नाही. तेवढी माणुसकी पहाटे पहाटे माझ्यात होती.

तलावाच्या वरच्या अंगाला, जिथे बुडालेली झाडं आहेत, तिथे गार्लंडने बोट थांबवली आणि पुढच्या फळीवर जाऊन उभा राहिला. पुढे एक छोटी मोटर असते, ती पायाने चालवतात. त्या पायात सगळी सत्ता. त्याने बोटीचं नाक काठाकडे धरलं आणि असा काही कोन ठेवला की चांगलं पाणी सगळं त्याच्यापुढे आणि माझ्या वाट्याला मागचा उघडा तलाव. मी अंग वळवून झाडाकडे गळ टाकायला जावं, की त्याचा पाय हलायचा आणि झाड पुढून निघून जायचं. माझा गळ पाण्यात असतानाच तो इंजिन सुरू करायचा. दोनदा माझी दोरी तुटता तुटता वाचली.

"सांगत जा की निघताना!"

"सामानाला कुणी सांगतं का?"

त्याला मासे लागत होते, हे कबूल करायला हवं. पहिला लागला तेव्हा तो "जाळी!" म्हणून ओरडला आणि मी जाळी घेऊन धावले. नियम नाही, पण रीत आहे. एकाच्या गळाला मासा लागला की दुसऱ्याने जाळी धरायची, मग दोघांचं कितीही वाकडं असो. त्याचे चारही मासे मी जाळीत घेतले, एकही सुटू दिला नाही. चौथा चांगला मोठा होता. त्याने तो बोटीतल्या मासे जिवंत ठेवायच्या टाकीत सोडला आणि स्वतःशीच शीळ घालायला लागला. आभार वगैरे मानायची त्याच्या घराण्यात पद्धत नव्हती.

मग मला लागला.

त्याने सोडून दिलेल्या एका ओंडक्याच्या मागच्या अंगाला मी गळाला लावलेला रबरी किडा सोडला होता. आधी दोरी नुसती जड झाली, मग बाजूला चालायला लागली. मी काठी खेचली आणि ती अर्धी वाकली. पाण्याखाली हिरवं-पांढरं पोट वळलेलं दिसलं, मग उघडलेलं तोंड. त्या तोंडात माझी मूठ गेली असती.

"जाळी! गार्लंड, जाळी!"

तो आला. असा आला, जसा कुणी रविवारी दुपारी टपालपेटीपर्यंत जातो. मासा बोटीला लागला होता, थकला होता, तोंड वर करून पडला होता. गार्लंडने जाळी खाली घातली, पण माशाच्या खाली नाही. जाळीची कड दोरीवर मारली. किडा माझ्या तोंडाकडे उडून आला आणि मासा एक शेपटी हलवून खाली गेला.

"अरेरे," तो म्हणाला. "निसटला. लहानच होता."

मला त्याला पाण्यात ढकलावंसं वाटलं. नुसतं मनात आलं असं नाही, हात पुढे झाले होते. पाणी बर्फासारखं होतं, त्याच्या अंगात जाड जाकीट होतं आणि आसपास एक बोट दिसत नव्हती. मी हात मागे घेतले ते त्याच्यावरच्या दयेने नव्हे. नंतर लोक म्हणाले असते, सँडविचला बोटीत तोल सांभाळता आला नाही आणि तिने नवऱ्याला पाडलं.

"पुढच्या वेळी लांब राहा," मी म्हटलं.

"पुढची वेळ आली तर," तो म्हणाला.

दुपारपर्यंत त्याचे पाच झाले. माझा एकही नाही. पायाखाली पंपाची घरघर सकाळपासून चालू होती. मी ती ऐकत होते, गार्लंडला ती टाकीच्या मोटरची वाटत असावी. बाराच्या सुमारास त्याने काठी खाली ठेवली, आणि मान न वळवता हात मागे केला. तळहात वर, बोटं हलवत.

मी त्या हाताकडे बघत राहिले.

"काय?"

त्याने मागे वळून पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि घाईने तो खिशात घातला. "काही नाही."

"केली-ऍनने डबा नाही दिला?"

"तिला नसतं जमत सकाळी." त्याने खिशातून खारी बिस्किटं काढली आणि माझ्याकडे पाठ करून खाल्ली. मी डबा आणलाच नव्हता. त्या बोटीत सँडविच खायचं नाही असं मी घरातून ठरवून निघाले होते, आणि पोटात कावळे ओरडत होते तरी मला त्या वेळी फार बरं वाटलं.

त्याच वेळी माझ्या लक्षात आलं, की घरघर थांबली आहे.

मी मागच्या फळीकडे पाहिलं. पाणी बोटीच्या कडेला नेहमीपेक्षा बरंच वर होतं. गार्लंड स्टिअरिंगपाशी बसला. "चल, उतारापासच्या खडकांवर जाऊ," तो म्हणाला आणि त्याने इंजिनाला जोर दिला. बोटीचं नाक आभाळाकडे गेलं आणि तिथेच राहिलं. इंजिन रडत होतं, बोट हलत नव्हती, आणि माझ्या बुटांवरून गार पाणी वाहायला लागलं. त्याने इंजिन बंद केलं. आतलं सगळं पाणी धबकन पुढे आलं आणि परत मागे गेलं.

गार्लंडच्या तोंडचं पाणी पळालं. तो माझ्याकडे वळला, आणि त्याच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते असे:

"बूच! तू बूच नाही लावलंस?"

"मी?" मी म्हटलं. "मी तर फक्त सँडविच खाते."

आपण काय बोलून बसलो ते त्याच्या डोक्यात हळूहळू उतरताना मला दिसत होतं. मला घाई नव्हती. त्याला होती. तीन वाजता सगळ्या बोटी काठाला लागल्या पाहिजेत, उशीर झाला की वजन कापतात, आणि अशा पाणी भरलेल्या बोटीने रांगत गेलो असतो तर अंधार पडला असता. त्याच्या टाकीत पाच मासे होते, कदाचित पहिल्या नंबराचे.

"लाव ना," तो म्हणाला.

"तू लाव. तुझी बोट आहे. मला हात लावायची बंदी आहे."

"माझा खांदा! डिसेंबरात ऑपरेशन झालंय, तुला माहितीय. हात तिथवर जात नाही."

खांदा होता हे खरं. त्याच्याखाली पोटही होतं. ते भोक पाण्याखाली, इंजिनाच्या बाजूने पालथं पडून, हात पार काखेपर्यंत घालावा तेव्हा सापडतं.

"काय हवंय तुला?" त्याने विचारलं.

"आज मिस्टर हॉयट माइक पुढे करतील. तेव्हा सांगायचं, अठरा वर्षं हे बूच कोण लावत होतं. आणि कोर्टात बोललास ते खोटं होतं."

"सगळ्यांसमोर?"

"कोर्टात काय माझ्या कानात बोलला होतास?"

बोट अजून चार बोटं खाली गेली.

"बरं," तो म्हणाला. "सांगतो."

"अजून एक. परत जाण्याआधी रेल्वेच्या जुन्या पुलापाशी थांबायचं. बोट खांबांना आडवी धरायची आणि पहिला गळ मी टाकणार. तुझे पाच झालेत, तुझं काही जात नाही."

"ठीक आहे, ठीक आहे! लाव आता!"

"आईच्या कबरीची शपथ घे."

त्याने घेतली. त्याची आई चांगली बाई होती, माझ्यावर जीव होता तिचा, माझ्याकडूनच शेवटचं पाणी प्यायली होती. म्हणून मला ती शपथ पुरली.

बूच स्टिअरिंगखालच्या खणातच होतं, जिथे मी मागच्या वर्षी ठेवलं होतं. मी बाही वर केली आणि इंजिनाच्या बाजूला पालथी पडले. गार्लंडने मागून माझा पट्टा धरला. पाणी इतकं गार होतं, की हाताची जाणीवच जायला लागली, पण त्या हाताला वाट माहीत होती. बूच बसलं, मी पिळून घट्ट केलं.

"आता पंपाच्या तोंडात पाला अडकला असेल, तो काढ," मी वर येत म्हटलं. "ते तरी जमेल ना?"

त्याने मुकाट्याने काढला. घरघर पुन्हा सुरू झाली.

पुलापाशी त्याने शब्द पाळला. बोट आडवी धरली, पाय मोटरवर ठेवून चर्चमध्ये असल्यासारखा उभा राहिला. माझ्या उजव्या हाताची बोटं अजून बधिर होती. दुसऱ्या खांबाच्या सावलीत मी किडा सोडला आणि तो तळाला पोचलाच नाही. मध्येच कुणीतरी घेतला. ह्या वेळी मी ओरडले नाही. मासा खांबाकडे पळाला, मी त्याला वळवला. खाली गेला, मी दोरी दिली. दोनदा पाण्याबाहेर उडाला तेव्हा गार्लंडच्या तोंडून "आईशप्पथ" निघालं आणि त्याचा हात जाळीकडे गेला.

"हात लावू नकोस."

"अगं, निसटेल!"

"लावलास तर तुला जाळीत घालीन."

मी पालथी पडले, माशाच्या खालच्या जबड्यात अंगठा घातला आणि त्याला वर ओढला. सकाळच्यापेक्षा मोठा होता. पोट अंड्यांनी टम्म फुगलेलं. मी त्याला छातीशी धरून फळीवर बसले आणि मला रडू आलं. खोटं कशाला सांगू. त्याच्यासमोर रडायचं नव्हतं, पण आलं.

"छान मासा आहे, ट्विला," गार्लंड म्हणाला. अगदी साध्या आवाजात म्हणाला. क्षणभर मला वाटलं, गेलं ते गेलं, माणूस इतकाही वाईट नाही.

वेळेत परतलो. धक्क्याला बोट बांधताना तो घुटमळला.

"ट्विला, ते मंचावरचं... इतकं काही गरजेचं नाही ना? मासा तर मिळालाच तुला."

"शपथ घेतली आहेस."

"हो, हो. म्हणजे, घेतलीच आहे." त्याने नेहमीच्या सवयीने बॅटरीची मुख्य कळ बंद केली, आपली माशांची थैली उचलली आणि दोस्तांकडे धावला. कळ बंद म्हणजे पंपही बंद.

मी धक्क्यावर एकटी उरले. त्याचं ते 'म्हणजे' मला चांगलं ओळखीचं होतं. मी बोटीच्या मागच्या बाजूला पालथी पडले, हात पाण्यात घातला आणि बूच पिळून काढलं. खिशात ठेवलं. मनाशी म्हटलं, वजनाची रांग लांब आहे. तो खरं बोलला, तर मी इथवर धावत येईन आणि परत बसवीन, त्याला कधी कळणारही नाही. मग माझा मासा थैलीत घालून मी रांगेत उभी राहिले.

रांग सावकाश सरकत होती. मंचासमोर सगळं गाव होतं. कोर्टातल्या मागच्या बाकांवरचे तेच चेहरे, हातात थंड चहाचे ग्लास. केली-ऍन पुढे उभी होती. गार्लंडचे पाच मासे काट्यावर गेले आणि मिस्टर हॉयटनी आकडा पुकारला. तो सगळ्यांच्या वर गेला होता. टाळ्या पडल्या. मग मिस्टर हॉयटनी माइक त्याच्यापुढे धरला.

"गार्लंड, लेका, आज तुझ्या बोटीत कोण होतं ते सगळ्यांना माहितीय. कसा गेला दिवस?"

लोक हसले. गार्लंडने घसा साफ केला. त्याची नजर गर्दीवरून फिरत माझ्यावर आली. मी मान हलवली. बोल.

"खरं सांगायचं तर," तो म्हणाला, "आज एक गोष्ट... म्हणजे ही ट्विला..."

"सँडविच कसं होतं, गार्लंड?" मागून कुणीतरी ओरडलं.

त्याच्या चेहऱ्यावर ते हसू आलं. कोर्टातलंच हसू, मी ते कुठेही ओळखीन.

"काय सांगू मंडळी," तो म्हणाला, "दोन खाल्ली तिने! मला एक चावा दिला नाही!"

हशा झाला. लोक मांड्यांवर थापा मारत होते. केली-ऍनही हसली. गार्लंड हात हलवत मंचावरून उतरला आणि माझ्या बाजूने जाताना खालच्या आवाजात म्हणाला, "जाऊ दे ना, गंमत होती." त्याच्या अंगाला धुक्याचा आणि माशांचा वास येत होता. मला धक्क्याकडे धावायचं कारण उरलं नव्हतं.

माझी पाळी आली. मी मासा काट्यावर ठेवला. मिस्टर हॉयटनी आकडा पाहिला, चष्मा वर केला, पुन्हा पाहिला.

"मंडळी," ते म्हणाले, "आजचा सगळ्यात मोठा मासा. आत्तापर्यंत तरी. एका बिनबोटवालीचा!"

ह्या वेळी कुणी हसलं नाही. एकाने टाळी वाजवली, मग बऱ्याच जणांनी. मिस्टर हॉयटनी माइक माझ्यापुढे केला.

"ट्विला, आता तू सांग. दिवसभर काय केलंस त्या बोटीत?"

"सँडविच नाही खाल्लं," मी म्हटलं. "हे केलं."

आणि खिशातून बूच काढून काट्याशेजारी टेबलावर ठेवलं.

पितळेचा टक्क असा आवाज माइकमधून सगळीकडे गेला. त्या गर्दीत एकही माणूस असा नव्हता ज्याला ते काय आहे हे सांगावं लागलं असतं. बूच टेबलावर, आणि बोट पाण्यात. आधी पुढच्या रांगेतल्या माना वळल्या, मग मागच्या, मग सगळ्याच. धक्क्याला बांधलेल्या बोटींच्या रांगेत एकीचं नाक वर आलं होतं. तिची मागची फळी दिसत नव्हती, आणि इंजिन निम्म्यापर्यंत पाण्यात होतं.

गार्लंडच्या हातातला चहाचा ग्लास खाली पडला. तो धावायला लागला. त्याचे दोस्त त्याच्या मागे धावले, आणि केली-ऍन रंगवलेली नखं तोंडावर धरून जागच्या जागी उभी राहिली.

मिस्टर हॉयटनी बूच उचललं, तळहातावर फिरवून पाहिलं. माइक अजून चालूच होता.

"ट्विला, पोरी," त्यांनी विचारलं, "हे कुठून काढलंस?"

"अठरा वर्षं जिथे लावत होते, तिथून."